रिव्हिजन

मी नववीत शाळा सोडली, त्यामुळे घरात कुणालाही कुठे जायचं असलं की सोबतीला मलाच पाठवतात. परवा अर्पिता मावशी आणि तिचा नवरा, उदय काका, यांच्याबरोबर गुडगावच्या क्लिनिकला गेले. काकांच्या हट्टापायी तिने मागच्या वर्षी ऑपरेशन करून छातीत इम्प्लांट बसवून घेतले होते. आता एक बाजू वर, एक खाली दिसते म्हणून काकांनीच पुन्हा अपॉइंटमेंट घेतली होती.

डॉक्टर मॅडम मावशीला विचारायच्या आणि उत्तरं काका द्यायचे. दुखतं का, तर “नहीं जी, बिल्कुल नहीं.” दोरीवर कपडे वाळत घालायला हात वर केला की मावशी कशी कळवळते, ते मी बघितलंय.

“घाबरू नकोस गं, नुसतं रिव्हिजन आहे, आधीचंच ऑपरेशन जरा नीट करायचं,” काका तिला म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. “काका, रिव्हिजन नापासांना करायला लावतात. मावशीला नापास कुणी केलं?”

“तू गप्प बस! शाळा सोडलेली पोरगी मला शिकवणार!”

डॉक्टरांनी फॉर्म पुढे घेऊन मावशीला विचारलं, “तो मैडम, साइज कौन सा रखें? यही, या एक नंबर बड़ा?”

“बड़ा,” काका म्हणाले.

मावशीने पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढली.





“ये दोनों निकाल दीजिए. साइज मेरा वाला रखिए.”