दारावरून गेलेली आत्या

माढा मागे पडलं तशी रेश्माने फोन कानाशी घट्ट दाबला. आता तो कधीही मुका होणार. या जलद गाडीने जाणाऱ्या सगळ्यांना ते पाठ होतं. एवढ्या वेगात एका टॉवरचं बोट सोडून दुसऱ्याचं धरायला फोनला जमायचंच नाही.

"आई, आत्ताच बाळाच्या कानाला फोन लाव. नाव सांगून टाकते."

"आगं, बाळ आजून पाळण्याखालनं जायचंय," पलीकडून येसूबाई म्हणाली. "त्येच्या आदी नाव सांगत्यात व्हय कुटं?"

मोहोळला, रुळालगतच्या घरी, रेश्माच्या भाचीचं बारसं चाललं होतं. रेश्माला रजा उशिरा मिळाली, आणि ही गाडी मोहोळला थांबत नव्हती. सोलापूरला उतरून मागे यायचं म्हणजे मुहूर्त हुकणारच. नाव तिने एकटीने ठरवलं होतं, भावालासुद्धा सांगितलं नव्हतं. सख्खी आत्या असताना दुसऱ्याच कुणी नाव ठेवायचं, या विचाराने तिला रडू फुटलं.

"का गं रडालीस?" शेजारच्या सीटवरच्या काशम्माने विचारलं.

"बाळाच्या कानात नाव सांगायचंय, मावशी. रेंज जाईल."

"आता न्हाय जात. रुळाकडंनं नवे टॉवर लावल्यात की."

रेश्माचा विश्वास बसला नाही. बाहेर ऊस पळत होता, एक स्टेशन सर्रकन मागे गेलं. फोनात मात्र बायकांची गडबड, पाळण्याची करकर, सगळं जसंच्या तसं येत राहिलं. मग एकदम शांत झालं, आणि अगदी कानाशी इवलासा श्वास ऐकू आला. गाडी अशी वाऱ्यावर सुटलेली, आणि बाळ जणू मांडीवर!

तोंडाला ओढणी लावून ती नाव कुजबुजली.

"आत्याला मार नको व्हय?" म्हणत काशम्माने रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत बुक्के घातले. समोरच्या दोन अनोळखी बायकाही हसत उठल्या आणि त्यांनीही हात धुऊन घेतले.

तेवढ्यात फोनातून धडधडाट आला. आधी तिला कळेचना.

"रेश्मे, तुजी गाडी!" पलीकडून येसूबाई ओरडली. "दारावरनं चालली बग!"

रेश्माने खिडकीला कपाळ टेकवलं. ओसरीतला उजेड दिसला न दिसला. घर मागे पडलं, फोनातला धडधडाट लांब जात विरला, आणि बाळाचा श्वास अजून तिच्या कानाशीच होता.