संकष्टीचा चंद्र

मनालीतल्या हॉटेलबाहेर कालपासून बर्फ थांबायचं नाव घेत नव्हता. रस्ते बंद, पोरं किरकिरी झालेली, आणि त्यात आईची संकष्टी. विद्याधरचं डोकं उठलं होतं.

"आई, चंद्रोदयाची वेळ होऊन गेली. जेवून घे."

"कॅलेंडरातली वेळ मिरजेची. इथं चंद्र कुठं दिसलाय?"

"या ढगांत तो आठवडाभर दिसायचा नाही. शुगरची गोळी घ्यायचीय तुला."

आईनं पुढ्यातलं ताट बाजूला सरकवलं.

शेवटी वैतागून त्याच्या बायकोनं मिरजेला, शेजारच्या शहापुरेवहिनींना व्हिडिओ कॉल लावला. वहिनी फोन घेऊन गच्चीवर गेल्या. तिथं आभाळ स्वच्छ होतं आणि पाण्याच्या टाकीवर चंद्र लख्ख दिसत होता. आईनं फोनला हात जोडले, त्यावर अक्षता वाहिल्या आणि मुकाट्यानं पहिला घास घेतला.

"सुटलो एकदाचे," म्हणत विद्याधरनं अक्षता झटकून फोन उचलला. कॉल बंद करायला त्याचं बोट पुढं झालं आणि तिथंच थांबलं.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "फोन जरा खाली करा. आमचं दार दाखवा. नुसतं बघायचंय."