नीलेशची पकड

त्र्याहत्तर वर्षांचा अमोल "कबड्डी, कबड्डी" करत चढाईला निघाला, तेव्हा पंच म्हणून बसलेल्या त्याच्या बायकोनं, स्नेहलनं, घड्याळाकडे बघणंच सोडून दिलं. त्याच्या नव्या, कृत्रिम फुफ्फुसांत नऊ लिटर हवा मावायची. चार-चार मिनिटं दम तुटायचा नाही.

समोर शाळेपासूनचा दोस्त नीलेश उभा होता. त्याची फुफ्फुसं जन्माचीच, आता जेमतेम दोन लिटरची. साठ वर्षांत अमोलची पकड त्याला एकदाही जमली नव्हती.

आज नीलेशनं सूर मारला आणि अमोलचा घोटा धरला. पकड ढिलीच होती. एक झटका पुरला असता.

"कबड्डी... कब..." अमोलचा आवाज बारीक होत थांबला.

"दम गेला! वहिनी, बाद द्या!" मातीत तोंड खुपसलेला नीलेश धापा टाकत ओरडला.

अमोलच्या उघड्या गळ्याखाली फुफ्फुसांचा छोटा दिवा होता. हवा संपली की तो लाल व्हायचा. स्नेहलनं तिकडे पाहिलं.

"बाद," ती म्हणाली.

"परत कर ती फुफ्फुसं, अम्या! माझी जुनीच बरी!" नीलेश उताणा होऊन हसत सुटला.

तो उठायच्या आत स्नेहलनं नवऱ्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावून टाकलं. आत दिवा हिरवाच होता.