कमळातला चित्रपट

“तळ्याकाठीच दाखव, प्रमिले. प्रत काढू नकोस,” असं विनायकरावांनी देवाघरी जाताना बजावलं होतं. सारस पक्ष्यांवरचा, स्वतःच्या निवेदनाचा चित्रपट त्यांनी तळ्यातल्या कमळांच्या जनुकांत साठवला होता. तळं गेलं की तोही जाणार. दर सोमवारी तो दाखवल्याशिवाय प्रमिलाताई उपास सोडत नसत.

हल्ली मात्र पाहायला कुणीच येईना.

“आज काय बगळ्यांना दाखवणार, काकू?” पुतण्या श्रीरंग म्हणाला. “मी प्रत काढून देतो. घरबसल्या रोज काकांचा आवाज ऐका.”

रिकाम्या घरात त्या आवाजासाठी त्यांचा जीव किती तुटायचा, ते देवालाच ठाऊक.

“नको रे बाबा. घरात ऐकू आला, तर मीसुद्धा तळ्याकडे फिरकायची नाही. मग ते बुजवायला टपलेल्यांना अडवणार कोण?”

कमळाच्या पानाला लावून चित्रपट दाखवायचं यंत्र पिशवीत घालून त्या तळ्याकडे निघाल्या.