भोपळ्याचा पुरावा

कुमुदताईंनी ऑनलाइन विश्वकोशात लिहिलेल्या लेखावर लाल पाटी झळकली : ‘पुरावा नाही. वगळावा का? चर्चा करा.’

“पुरावा कसला? मी स्वतः भोपळ्यावर बसून तळं ओलांडलंय!” वाचनालयातल्या संगणकापुढे ताई कडाडल्या. गावची भोपळ्यांची शर्यत जगाला कळावी, एवढाच त्यांचा ध्यास.

“अर्ध्यात बुडाला होतात, तेही लिहिलंत का, वहिनी?” नणंद म्हणाली, पण मत द्यायला पहिली तीच बसली.

मागोमाग अख्ख्या गावाची रांग. पैलवान, शिंपीण, गुरव. चर्चेत ओळीवर ओळ :
‘ठेवावा.’
‘ठेवावा.’
‘ठेवाच!’
सरपंचांनी तर सवयीनं बोटाला शाई मागितली.

विश्वकोश सांभाळणाऱ्या प्रचालकाचं उत्तर आलं : ‘इथं मतं मोजत नाहीत. छापील पुरावा लागतो. उद्या वगळतो.’

ताईंनी संगणक बंद केला.

सकाळी जिल्ह्याच्या पेपरात वाचनालयापुढचा फोटो : ‘भोपळ्यांच्या शर्यतीसाठी गाव रांगेत!’ खाली शर्यतीची साठ वर्षांची हकीकत. ताईंनी पेपर नाचवत वाचनालय गाठलं आणि तीच बातमी पुरावा म्हणून जोडली.

तासाभरात प्रचालकानं लिहिलं : ‘लेख ठेवला.’ आणि खाली बारीक अक्षरांत : ‘भोपळा घरून आणायचा, की तिथं मिळतो?’