दाणा धरणारी बोटं

"तुम्हाला सुपरवायझर केलं, तर पॅन कोण बघणार, अण्णा?" चीफ केमिस्टने सलग तिसऱ्या वर्षी गोड हसून तेच विचारलं. बाळगोंडाने बढतीचा अर्ज खिशात कोंबला आणि मनातल्या मनात साहेबाच्या सात पिढ्या उद्धरल्या.

साखर कारखान्यात बावीस हंगाम त्याने पॅनमध्ये पाक शिजवला होता. पाक दोन बोटांत चोळला की साखरेने दाणा धरला की नाही, हे त्याला कळायचं. ती खूण त्याने कुणालाच दिली नव्हती. आपल्यावाचून अडावं, एवढीच हाव. अडलं खरं, पण त्याचंच.

त्याच दिवशी त्याने दुसऱ्या पाळीच्या यशवंताला गाठलं. दोघांत नऊ वर्षं बोलणं नव्हतं.

"बोटं पुढं कर."

"का? तोडतोस काय?"

"शिकवतो, गाढवा."

फेब्रुवारीत बाळगोंडा मुद्दाम चार दिवस रजेवर गेला. कारखान्यातून एकही फोन आला नाही. ऐन हंगामात असं कधी झालं नव्हतं. त्याला जेवण गोड लागेना. पाचव्या दिवशी यशवंता गेटातच भेटला.

"आणखी आठ दिवस राहायचं की. दाणा झकास पडतोय."

बाळगोंडाला आधी झोंबलं, मग हसू फुटलं. तो तसाच साहेबाच्या केबिनमध्ये शिरला आणि अर्ज टेबलावर ठेवला.

"पॅन यशवंता बघतोय, साहेब. आता नवी सबब सांगा, नाहीतर सही करा."

साहेब बराच वेळ पेन शोधत राहिला. बाळगोंडाने आपलं पुढं केलं.