अभ्यासातून वगळलेला

शिंप्याच्या मेंदूतल्या गाठीचा तुकडा तपासून मोठे डॉक्टर म्हणाले होते, "गाठीशी लढणाऱ्या पेशी फारच कमी आहेत. फार तर एक वर्ष."

त्या बोलण्याला आता चौथं वर्ष लागलं होतं. शिंपी तपासणीला आला, की डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. आजही गाठ तसूभर वाढलेली नव्हती. डॉक्टरांनी सुस्कारा सोडला.

"तुमच्या एकट्यामुळे अशा रुग्णांवरच्या माझ्या अभ्यासाचा सगळा निष्कर्ष बिघडत होता हो. शेवटी तुमचं नाव अभ्यासातून काढून टाकलं."

शिंपी ओशाळला. "माझं काही चुकलं का, साहेब?"

बायकोनं त्याचा दंड धरून त्याला उठवलं. "चला मुकाट्यानं. ज्यांची नावं अभ्यासात ठेवलीत, त्यांतलं कुणी बाहेर बाकावर दिसलं का तुम्हाला?"